गॅलरीतल्या दोन पिशव्या आणि एक बादली

१७ नोव्हेंबर

ओट्याखालच्या टोपलीतल्या बटाट्यांना मोड आले आहेत. हे गेल्यापासून आमच्याकडे बटाट्याची भाजी झाली नाही. ती ह्यांनाच आवडायची, आणि मामंजींना बटाट्याने गॅस होतो असं हेच सांगायचे. आज टोपली साफ करायला घेतली तर बटाटे सुरकुतलेले आणि प्रत्येकाच्या अंगावर आखूड, जाड, जांभळट कोंब. पिशवीत भरून कचऱ्यात टाकायला निघाले होते. मामंजी दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "जिवंत आहेत ते."

एवढंच. मी पिशवी परत आत आणली.

ही डायरी दवाखान्यात एका औषध कंपनीचा माणूस दरवर्षी वाटतो त्यातली आहे. आजवर मी अशा डायऱ्यांत दुधाचा हिशोबसुद्धा लिहिला नाही. आता बटाट्यांचं काय होतं ते लिहावं असं वाटलं.

१९ नोव्हेंबर

ड्युटी संपल्यावर रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, मोड आलेले बटाटे पिशवीतही लावता येतात, शेत लागत नाही. पिशवीच्या कडा दुमडून ती निम्म्यावर आणायची, तळाला भोकं पाडायची, वीतभर माती आणि शेणखत, त्यावर बटाटे कोंब वर करून, वरून पुन्हा माती. रोप वर आलं की अजून माती.

"किती माती?"

"गळ्यापर्यंत. नुसतं डोकं बाहेर राहिलं पाहिजे. ते अजून वाढलं की पुन्हा गळ्यापर्यंत."

"आणि आत बटाटे धरले की नाही ते कसं कळायचं?"

"नाही कळत. काढाल तेव्हा कळेल."

मला हे जरा विचित्र वाटलं. मी एक्स-रे काढते. रोज माणसांच्या आतलं बघायची सवय आहे. चार महिने एखादी गोष्ट न बघता सांभाळायची, हे माझ्या कामात बसत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

लावले. पिठाच्या दोन रिकाम्या पिशव्या आणि घर रंगवलं तेव्हाची प्लास्टिकची बादली. पिशव्या गॅलरीच्या कठड्याशी ठेवल्या, बादली वॉशिंग मशिनच्या पलीकडे कोपऱ्यात, कारण तिथेही दुपारचं ऊन येतं.

बादलीला भोकं पाडायला मी सुरी घेतली. मामंजी खुर्चीतून उठले, आपला जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, गॅसवर तापवला आणि चार भोकं पाडून दिली. मग हात धुऊन परत पेपर.

मामंजी साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून घरात कुठे वाफ दिसली की ते आधी तिकडे बघतात. ते कमी बोलतात. मीही कमी बोलते. आमच्या घरात बोलायचं काम ह्यांच्याकडे होतं. मामंजींना भाजीत मीठ कमी वाटलं तर ते ह्यांना सांगायचे, हे मला सांगायचे, मी ह्यांना सांगायची की काल जास्त वाटलं होतं, आणि हे तिकडे जाऊन दोघांच्या वतीने हसायचे. आता मीठ कसंही असलं तरी कोणी काही म्हणत नाही.

२४ नोव्हेंबर

भाऊजींचा, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाचा, फोन. नव्या घरात खालच्या मजल्यावर मामंजींसाठी खोली करून घेत आहेत. "रंग झाला की बाबांना घेऊन जातो. त्यांना जिना नको, आणि तूही मोकळी होशील."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मुलगा आहे तो त्यांचा.

मग फोन मामंजींना दिला. ते बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बटाटे निघू देत. मग बघू."

त्यांना बटाट्यांत एवढा रस वाटतोय हे चांगलं आहे. मन रमेल.

९ डिसेंबर

आले. सकाळी पाणी घालायला गेले तर एका पिशवीत माती भेगाळून वर उचलली होती. बोटाने ढेकूळ बाजूला केलं तर खाली हिरवा, केसाळ, चुरगळलेला गोळा. पान म्हणावं असं काही नाही अजून. बादलीत काही नाही.

कामावर रिसेप्शनवालीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. तुझ्या तोंडून 'श्वास घ्या, रोखून धरा, सोडा' याच्या पलीकडचं एक वाक्य तरी ऐकलं."

१८ डिसेंबर

सगळीकडे रोपं आहेत. दुसऱ्यांदा माती घातली. पानं गाडताना वाईट वाटतं, पण गाडलेल्या खोडालाच बाजूने देठ फुटतात आणि त्यांच्या टोकाला बटाटे धरतात असं बाई म्हणाल्या. म्हणजे बटाटा हे मूळ नाही. मला इतकी वर्षं मूळच वाटत होतं.

मामंजी गॅलरीच्या दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं काही विचारतील. मीही काही सांगितलं नाही.

२३ डिसेंबर

दोन्ही पिशव्यांतली माती सतत ओली आहे. मी रोज सकाळी ड्युटीला जाण्याआधी एकच तांब्या घालते. संध्याकाळी बोट घातलं तर चिखल. बादलीतली माती मात्र हवी तशी, वरून कोरडी, आत दमट. बादलीला भोकं कमी, पिशव्यांना जास्त, म्हणजे उलट व्हायला हवं होतं. पिशवीचं प्लास्टिक बहुधा पाणी धरून ठेवतं. अजून भोकं पाडली.

२७ डिसेंबर

खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी ठिबकतं.

"माफ करा," मी म्हणाले, "सकाळी जरा जास्त पडलं असेल."

"सकाळचं समजू शकते हो. पण तुमच्याकडे दिवसातून दोनदा पाऊस पडतो. मी कपडे वाळत घालायचे कधी?"

त्या मुळात वाढवून बोलतात. भोकं मी जास्त पाडली त्याचा हा परिणाम. खाली जुन्या पराती ठेवल्या.

३ जानेवारी

पहिल्या पिशवीची खालची पानं पिवळी पडली आहेत आणि खोड मातीलगत काळपट दिसतं. दुसरीची पानंही मलूल आहेत. बादलीतलं रोप सगळ्यात उशिरा आलं आणि आता सगळ्यात दणकट आहे. काही कळत नाही. माती एकच, बटाटे एकाच टोपलीतले, ऊन उलट बादलीला कमी.

रिसेप्शनवालीला म्हणाले, पिशवी इथे आणून एक फिल्म काढावी का. तिने रजिस्टर पुढे ओढलं. "पेशंटचं वय सांग. पाठवलं कोणी?" मग आम्ही दोघींनी खरंच विचार केला. ओली माती आणि बटाटा, दोघांतही पाणीच. सगळं ढगाळ दिसेल. हृदयाचंही तसंच असतं, फिल्मवर ते नुसती सावली दिसतं. आकार कळतो, आत काय चाललंय ते नाही. ह्यांची फिल्म मीच काढली होती, हे गेले त्याच्या आदल्या वर्षी, खोकला होता म्हणून. अगदी नॉर्मल होती.

७ जानेवारी

भाऊजींचा फोन. खोलीचा रंग झाला. मी त्यांना पहिल्या पिशवीबद्दल सांगितलं नाही. एक पिशवी गेली तर बटाटे लवकर "निघाले" असं होईल का, असा एक वेडा विचार डोक्यात आला. तसं झालं तर मामंजींचं मन मोडेल. त्यांच्यासाठीच वाईट वाटतं.

१२ जानेवारी

आज सगळा उलगडा झाला.

सकाळीच एक्स-रेचं मशिन बंद पडलं. दुरुस्तीवाला उद्या येणार, म्हणून आम्हाला सोडलं. दुपारी जेवणाच्या वेळेला मी घरी. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. मामंजी खुर्चीत नव्हते. गॅलरीत होते, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात अंघोळीचा मोठा मग. दुसऱ्या पिशवीत पाणी ओतत होते, सावकाश, कडेकडेने.

मी म्हणाले, "मामंजी, तुम्ही पाणी घालता?"

ते दचकले नाहीत. हातातला मग रिकामा करून खाली ठेवला. "रोज. जेवायच्या आधी."

"मी सकाळी घालून जाते."

"तू घालतेस? मला वाटायचं तू नुसतं बघून जातेस."

"आणि मला वाटायचं पिशवीचं प्लास्टिक वाईट आहे."

"मला वाटलं माती वाईट आहे. इतकं पाणी घालूनही झाड पिवळं पडतंय, म्हणून मी एक मग वाढवला."

आम्ही दोघं पहिल्या पिशवीकडे बघत राहिलो. वास येत होता, ओल्या फडक्यासारखा.

"मग बादलीला?" मी विचारलं.

"मशिनच्या पलीकडे पाय टाकता येत नाही मला. गुडघा. तिच्याकडे बघून रोज वाईट वाटायचं, की ही बिचारी कोरडी राहते."

बिचारी बादली आमच्याकडे बघत छान हिरवीगार उभी होती.

मग ते खुर्चीत बसले आणि मला वाटतं, माझ्याशी आजवर बोलले नसतील इतकं एका दमात बोलले. बॉयलरला काचेची एक नळी असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. पातळी खाली गेली की बॉयलर फुटतो, माणसं मरतात. वर गेली तर काय, वाफ ओली येते, साहेब ओरडतो, तेवढंच. म्हणून हात नेहमी जास्तीकडे जायचा. "तीस वर्षं मी कमी पाण्याला भ्यायलो. जास्त पाण्यानेही काही मरतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी म्हणाले, "मी तरी कुठे सांगितलं."

१३ जानेवारी

पहिली पिशवी उलटी केली. लावलेले बटाटे लगदा झाले होते. मामंजींनी त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक गोटीएवढा, कडक, पिवळसर बटाटा काढला. धुऊन मला दिला. साल इतकं पातळ की अंगठ्याने निघालं. म्हणजे आत खरंच काहीतरी चाललं होतं.

दुसऱ्या पिशवीला आठवडाभर पाणी नाही. पाण्याचं काम आता मामंजींकडे, पण आधी बोट घालून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं असेल तरच. बादलीचं माझ्याकडे. संध्याकाळी एकमेकांना सांगायचं.

२० जानेवारी

"आज नाही घातलं," मामंजी.

"मीही नाही," मी.

रोज हे एवढं तरी बोलावंच लागतं. मग पुढे काहीतरी निघतं. आज त्यांनी सांगितलं की भाजीत मीठ जास्त आहे.

३१ जानेवारी

दुसरी पिशवी वाचली. नवी पानं आली आहेत. बादलीला फुलं आली, पांढरी, मधे पिवळा ठिपका. बटाट्याला फूल येतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. कामावरून आल्यावर पंधरा मिनिटं तरी बघत बसले असेन.

रात्रीच्या जेवणाला बाजारातून बटाटे आणून भाजी केली, इतक्या महिन्यांनी. मामंजींसाठी वेगळी दुधी. त्यांनी दुधी बाजूला सारली आणि बटाटे वाढून घेतले. मी म्हणाले, "तुम्हाला बटाट्याने त्रास होतो ना?"

"कोण म्हणालं?"

"हे म्हणायचे."

मामंजी घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, "मला काही होत नाही. आठ वर्षांचा होता तेव्हापासून तो सगळ्यांना असं सांगायचा. माझ्या वाटणीचे पळवायला. आईलाही पटवलं होतं त्याने. मी म्हटलं, खाऊ दे."

"इतकी वर्षं?"

"त्याला आवडायचे ना."

मी हसले. मग पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे जरा उभी राहिले.

१४ फेब्रुवारी

बादलीची पानं कडेने पिवळी होऊ लागली आहेत. हे आजारपणाचं पिवळं नाही. रोपवाटिकेतल्या बाई म्हणाल्या होत्या, पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत काढायचं.

मामंजी म्हणाले, "अजून हिरवं आहे बरंच."

मीही नीट बघितलं. बरंच हिरवं आहे.

१९ फेब्रुवारी

भाऊजी: "झाले का तुमचे बटाटे? इथे पलंगसुद्धा आला."

मी म्हणाले, अजून थोडे दिवस लागतील. हे खोटं नाही. घाई केली तर साल कच्चं राहतं.

रिसेप्शनवाली म्हणाली, "सासरे गेल्यावर तू एकटी काय करणार?" मी म्हणाले, सवय होईल. ती म्हणाली, "मग तोंड असं का?" माझं तोंड नेहमी असंच असतं.

मामंजींना राहा म्हणणारी मी कोण? त्यांचा मुलगा मोठा आहे, घर मोठं आहे, जिना नाही, घरात दिवसभर माणूस आहे. इथे मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. राहा म्हटलं तर ते माझ्याकडे बघून, माझी कीव येऊन राहतील. तसं नको. आणि त्यांना तिकडे जायचं असेल तर माझ्या एका शब्दाने त्यांची पंचाईत. त्यांनी आपणहून काही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. पण ते बटाट्यांशिवाय कशाबद्दल काही म्हणत नाहीत.

२५ फेब्रुवारी

पिशवीही पिवळी. आता "हिरवं आहे" म्हणायला दोघांनाही जागा नाही. आज मामंजी एका देठावरच्या चार पानांकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघ." मी म्हणाले, "हो, ही आहेत." रविवारी काढायचं ठरलं. मामंजींनी स्वतःच भाऊजींना फोन करून सांगितलं. मी आत भांडी घासत होते, काय बोलले ते नीट ऐकू आलं नाही.

१ मार्च, रविवार

भाऊजी आणि जाऊबाई सकाळीच गाडी घेऊन आले. मामंजींची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. कधी भरली मला कळलं नाही.

गॅलरीत जुनी चादर अंथरली. मशिन सरकवून भाऊजींनी बादली बाहेर काढली आणि उलटी केली. मातीचा गड्डा जसाच्या तसा बाहेर आला, बादलीच्या आकाराचा. मामंजींनी तो दोन्ही हातांनी फोडला. आत पिवळे, स्वच्छ बटाटे, कुठे दोन एकमेकांना चिकटून, कुठे एकटाच, काही मुठीएवढे, बरेचसे लिंबाएवढे. सगळे तळाशीच धरले होते. वरच्या, आम्ही इतक्या हौसेने घातलेल्या मातीत एकही नाही. मी बाईंना हे विचारणार आहे. पिशवीतून त्याच्या निम्मे निघाले.

जाऊबाई चादरीशी बसून माती झटकत होत्या. "दिसायला गोड आहेत हो."

भाऊजी म्हणाले, "एवढ्याशा बटाट्यांसाठी मला चार महिने ताटकळत ठेवलंत बाबा." मग घड्याळ बघितलं. "चला. ऊन वाढायच्या आत निघू."

मामंजी स्टुलावर बसले होते. उठले नाहीत. हातांची माती बघत होते. नखांत अडकलेली.

मी म्हणाले, "भाऊजी, मामंजींनी जाऊ नये असं मला वाटतं."

मला वाटलं नीट सांगावं. "तुमच्याकडे त्यांची सोय जास्त चांगली होईल, हे मला माहीत आहे. जिना नाही. इथे मी दिवसभर नसते. तरीही. त्यांना इथे ठेवणं माझं कर्तव्य वगैरे म्हणून नाही. ते घरात असले की मला बरं वाटतं."

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मग हे आधी बोलायचं नाही का? आम्ही रंग दोनदा दिला त्या खोलीला."

भाऊजी माझ्याकडे बघत होते. "मला वाटत होतं तुला ओझं होतंय. बाबाच म्हणाले होते तसं."

"मी तसं म्हणालो नाही," मामंजी मान वर न करता म्हणाले. "मी म्हणालो, तिला ओझं होतंय का ते विचार."

"विचारलं की. मी म्हणालो घेऊन जातो, ती 'बरं' म्हणाली."

"ती सगळ्यांनाच बरं म्हणते."

"आणि तुम्ही? तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही कधी म्हणालात?"

"मला कुठे कोणी विचारलं," मामंजी म्हणाले. "आता हिने विचारलंय असं धरतो."

मी खरं तर विचारलं नव्हतं, पण दुरुस्ती केली नाही.

भाऊजी कठड्याला टेकून उभे राहिले. चेहरा पडला होता. मोठ्या मुलाचा असा चेहरा बघून मामंजींनाच काही वाटलं असावं. म्हणाले, "मे महिन्यात येतो मी. महिनाभर राहतो. खोली बंद ठेवू नकोस, दमट वास धरेल. रोज खिडकी उघडत जा."

"उघडतो," भाऊजी म्हणाले.

"आणि ती बॅग आत ने. माझे हात मातीचे आहेत."

भाऊजींनी बॅग आत नेली. आम्ही चौघांनी जेवताना बटाटे उकडून नुसते मीठ लावून खाल्ले.

४ मार्च

बाई म्हणाल्या, आपले बटाटे लवकर तयार होणाऱ्या जातीचे असणार, ते तळालाच धरतात, कितीही माती चढवा. उशिराच्या जातीला वरपर्यंत धरत जातात. आणि आत्ता काढलेले लगेच लावून उपयोग नाही. नवा बटाटा दोन-तीन महिने झोपतो, त्याशिवाय मोड येत नाहीत. तोवर उन्हाळा. म्हणजे आता थंडीतच.

८ मार्च

आज मामंजींचं आणि माझं भांडण झालं. उरलेल्यातले बियाण्याला कोणते ठेवायचे यावरून. मी म्हणाले, मोठे खायचे आणि लहान लावायचे, सगळे तसंच करतात.

"सगळे म्हणजे कोण?"

"बाई."

"त्या विकायला बसल्यात. लहानाच्या पोटी लहानच येणार. सगळ्यात मोठा तो बियाण्याला."

"मग खायचं काय, गोट्या?"

"खा गोट्या. चार महिने थांबता आलं, आता जिभेला थांबता येत नाही?"

"जिभेचं मला सांगू नका. परवा कोण कच्चा बटाटा मीठ लावून बघत होतं?"

ते उठून गॅलरीत गेले. मीही मागोमाग गेले, कारण माझं बोलून झालं नव्हतं. बरंच चाललं. शेवटी त्यांनी सगळ्यात मोठा बटाटा उचलून खिशात घातला आणि म्हणाले, "हा माझा. तुझा तू निवड. दोन पिशव्यांत लावू आणि बघू."

मी एक लिंबाएवढा निवडला. दोन्ही कागदात गुंडाळून कपाटाखालच्या खणात ठेवले आहेत, अंधारात. माझं म्हणणं बरोबर आहे असं मला वाटतं, पण ते काढल्याशिवाय कळणार नाही.